मोटार सायकलचा मागील डिस्क-ब्रेक धरून कां राहतो व तो घरीं कसा मोकळा करावा

खेडोपाडीं घोड्याची आणि पुष्कळ अंशीं बैलगाडीचीही जागा आतां मोटार सायकलनें घेतली आहे. पहांटे दुधाच्या किटल्या डेअरीवर पोंचविणें, बाजारांतून खताचें पोतें आणणें, रात्रीं-अपरात्रीं विहिरीवरील मोटर चालू करण्यास मळ्यांत जाणें, हीं सर्व कामें तीच करिते. परंतु बैलास आपण जसे रोज न्याहाळतों तसे हिला न्याहाळीत नाहीं. बैल लंगडूं लागला तर मालकास तें पहिल्याच पावलास कळतें; पण गाडीचें मागचें चाक ब्रेकनें धरून ठेविलें असतांही इंजिनाच्या जोरावर ती महिनेच्या महिने ओढली जाते व मालकास पत्ता लागत नाहीं. या दोषाचें कारण काय, तो नेमका कोणत्या जागीं आहे हें कसें ओळखावें, आणि घरच्या घरीं तो कसा दूर करावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

दोषाचें गांभीर्य

चाक जड फिरल्यानें पेट्रोल अधिक जळतें व पॅड लौकर झिजतात, एवढेंच नुकसान असतें तर या विषयावर लिहिण्याचें फारसें कारण नव्हतें. खरा धोका निराळा आहे. पॅड चकतीस सतत घांसत राहिला म्हणजे उष्णता उत्पन्न होते. ती पिस्टनमधून आंतील ब्रेक-ऑइलास पोंचते. तें उकळूं लागलें म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबानें आकसत नाहीं, पण वाफ आकसते. त्यामुळें जो ब्रेक नको असतां धरीत होता, तोच घाटाच्या उतारावर हवा असतांना पेडल तळाला जाऊन निकामी ठरतो. दुसरा प्रकार याच्या उलट आहे. कोंडलेलें तेल तापून फुगलें म्हणजे दाब वाढत जातो, ब्रेक अधिकाधिक आवळतो, व चाक चालत्या गाडींत एकाएकीं जखडतें. ओल्या रस्त्यावर, मागें माणूस किंवा ओझें असतांना, असें झालें तर काय होईल हें सांगावयास नको.

रचना

फिरत्या चकतीस दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरून चाक थांबविण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर या यंत्रज्ञानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. मोटार सायकलींत तिचा मोठा प्रसार होण्यास जपानच्या होंडा कंपनीची १९६९ सालीं निघालेली सी. बी. ७५० ही गाडी कारण झाली. तिच्या पुढील चाकास तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क-ब्रेक होता. आपल्याकडे असे ब्रेक प्रथम पुढच्या व मागाहून कित्येक गाड्यांच्या मागच्याही चाकास आले.

याचें तत्त्व फ्रान्समधील सतराव्या शतकांतील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यानें सांगितलेलें आहे: कोंडलेल्या द्रवावर एका जागीं दिलेला दाब सर्व जागीं सारखाच पोंचतो. पायानें पेडल दाबलें म्हणजे एक दांडी मास्टर सिलिंडरमधील लहान पिस्टनास ढकलते. तेथील दाब नळीवाटे कॅलिपरांतील मोठ्या पिस्टनावर येतो. समजा, लहान पिस्टनाचा व्यास १३ मिलिमीटर व मोठ्याचा २६ मिलिमीटर आहे. व्यास दुप्पट म्हणून क्षेत्रफळ चौपट, व क्षेत्रफळ चौपट म्हणून जोरही चौपट होतो. मात्र जोर चौपट झाला तर सरकणें चौथाई होतें. लहान पिस्टन चार मिलिमीटर गेला तर मोठा एकच मिलिमीटर पुढें येतो. या ब्रेकमधील सर्व हालचाल इतकी थोडी असते, म्हणूनच थोडी घाणही तिला अडविण्यास पुरे होते.

पुष्कळ गाड्यांच्या मागील कॅलिपरांत पिस्टन एकच व तो एकाच बाजूस असतो. तो आपल्या बाजूचा पॅड चकतीवर दाबतो. आणि कॅलिपरचें सर्व अंग दोन पिनांवर आडवें सरकून पलीकडचा पॅडही चकतीवर ओढून आणतें. यावरून दिसेल कीं, ब्रेक नीट चालण्यास दोन गोष्टी मोकळ्या सरकल्या पाहिजेत: पिस्टन आपल्या घरांत, आणि कॅलिपर आपल्या पिनांवर.

आतां मुख्य गोष्ट. पेडलावरून पाय काढल्यावर पेडल मागें आणण्यास स्प्रिंग असते. पण कॅलिपरांतील पिस्टनास मागें ओढणारी स्प्रिंग नसते. तें काम पिस्टनाभोंवतीं बसविलेलें चौकोनी छेदाचें रबरी कडें करितें. मिस्त्री लोक त्यास सील म्हणतात. पिस्टन पुढें जातांना सील त्याला चिकटून किंचित् पिळलें जातें. दाब जातांच तें आपल्या मूळ आकारावर येतें व येतांना पिस्टनास केसभर मागें ओढतें. या केसभर अंतरानेंच चाक मोकळें होतें. सील कडक झालें, फुगलें, त्याच्या मागील खोबणींत क्षार जमले, किंवा पिस्टनावर चिखलाचा थर बसला, कीं हें केसभर ओढणें बंद पडतें व ब्रेक धरून राहतो.

दोष कशामुळें उद्भवतो

मागील कॅलिपर चाकाजवळ, खालीं, चिखलाच्या माऱ्यांत असतो. काळ्या जमिनींतील चिकण चिखल पॅडच्या मागें भरतो व वाळल्यावर विटेसारखा कठीण होतो. खताच्या वाहतुकीनेंही हानि होते. म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत म्हणजे पोटॅशियमचें क्लोराइड असून तें ओलसर झाल्यावर लोखंड व ॲल्युमिनियम या दोहोंस खातें. कॅलिपरचें अंग बहुधा ॲल्युमिनियमचें असतें. सीलच्या खोबणींत ओल शिरली म्हणजे तेथें पांढरट क्षार धरतात, ते सीलला मागून दाबून पिस्टनावर आवळतात, आणि बाहेरून सर्व स्वच्छ दिसत असतांही पिस्टन हलत नाहीं. गाडी धुण्याच्या पंपाची जोरदार धार रबरी टोपणावर मारल्यानेंही पाणी पिनांच्या घरांत शिरतें व तेथें गंज धरतो.

दुसरें कारण जुनें ब्रेक-ऑइल. तें ग्लायकोल जातीचें असून हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ या जातीचें नवें तेल निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळतां कामा नये अशी अट आहे. त्यांत शेंकडा ३.७ भाग पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हे आंकडे अनुक्रमें २०५ व १४० आहेत. मुरलेलें पाणी उकळबिंदु खालीं आणतें एवढेंच नव्हे, तर आंतून गंजही उत्पन्न करितें. म्हणून डब्यांतील तेल तपकिरी वा गढूळ दिसल्यास, व एरव्हींही सामान्यतः दोन वर्षांनीं, तें बदलावें.

परीक्षा: दोष कोठें आहे तें आधीं ओळखा

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं दोषाची जागा निश्चित करणें हें या कामांतील अर्धें यश होय. पुष्कळ ठिकाणीं पॅड बदलले जातात, कॅलिपर सबंध नवा आणला जातो, आणि दोष पेडलाच्या गंजलेल्या खुंटींत असतो.

प्रथम दोष खरोखर आहे कीं नाहीं तें पाहावें. मागचा ब्रेक मुळींच न वापरतां गाडी दोनएक किलोमीटर सावकाश चालवून पुढच्या ब्रेकनें थांबवावी. नंतर मागील चकतीस स्पर्श न करतां हात बोटभर अंतरावर धरावा. झळ लागत असेल, जळका वास येत असेल, अगर चकती निळसर झाली असेल, तर ब्रेक धरीत आहे. गाडी निवाल्यावर मेन स्टँडवर लावून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून चाक हातानें फिरवावें. पॅडचा किंचित् खरखर आवाज येणें हा दोष नव्हे; चाक एक फेराही न घेतां थांबलें तर तो दोष होय. साखळी फार ताणलेली असल्यास किंवा चाकाचें बेअरिंग खराब असल्यासही चाक जड फिरतें. कॅलिपर सोडवून चकतीवरून काढल्यावर चाक मोकळें झालें तरच दोष ब्रेकचा समजावा.

यापुढें क्रमानें चार परीक्षा कराव्या.

(१) ब्रेक धरलेला असतां पेडल हातानें वर उचलावें. तेवढ्यानें चाक सुटलें तर पेडलाची खुंटी गंजली आहे किंवा तिची स्प्रिंग निकामी झाली आहे. खुंटी काढून, घांसून, साधें ग्रीस लावल्यानें काम होतें. त्याच वेळीं पेडलास थोडी मोकळीक आहे कीं नाहीं तेंही पाहावें. ही मोकळीक मुळींच नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुरता मागें येत नाहीं, तेल परतण्याचें बारीक छिद्र उघडत नाहीं, आणि दाब आंत कोंडून राहतो.

(२) कॅलिपरवरील हवा काढण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक बाटलींत सोडावें व निपल अर्धा आटा सैल करावें. तेल चिळकांडीनें येऊन चाक सुटलें तर दाब कोंडलेला होता. अर्थात् दोष कॅलिपरांत नसून वरच्या बाजूस आहे. चाक तसेंच घट्ट राहिलें तर दोष कॅलिपरांत आहे.

(३) दोष वरच्या बाजूस ठरला, तर निपल बंद करून पेडल दाबून सोडावें, म्हणजे चाक पुन्हां धरेल. मग मास्टर सिलिंडरपाशीं नळीचा बोल्ट फडकें गुंडाळून किंचित् सैल करावा. तेवढ्यानें चाक सुटलें तर दोष मास्टर सिलिंडरचा; तेथें न सुटतां खालच्या निपलनेंच सुटत असेल, तर रबरी नळी आंतून फुगून बुजली आहे. नळी दुरुस्त होत नाहीं, ती बदलावी.

(४) दोष कॅलिपरांत ठरला, तर कॅलिपरचें अंग हातानें आडवें हलवून पाहावें. तें पिनांवर सरकत नसेल तर पिना गंजल्या आहेत. सरकत असेल तर पिस्टन अडकला आहे. काढल्यावर एक पॅड दुसऱ्यापेक्षां पुष्कळ अधिक, किंवा एकच पॅड तिरपा झिजलेला आढळल्यास पिनांचा संशय दृढ होतो.

साहित्य व एक कळकळीची सूचना

रिंग पाने, ॲलन पाने, दांत घासण्याचा जुना ब्रश, साबणाचें पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा दुकानांत मिळणारा ब्रेक साफ करण्याचा फवारा, सीलबंद बाटलींतील नवें ब्रेक-ऑइल, सिलिकोनचें ग्रीस, पारदर्शक नळी, लांकडाची चपटी पट्टी, सुतळी, चिंध्या, चष्मा व हातमोजे, एवढें साहित्य पुरे. ब्रेक-ऑइल कोणत्या जातीचें घालावें तें टाकीच्या झांकणावर छापलेलें असतें; तेंच घालावें. डॉट ५ हें सिलिकोन जातीचें असल्यामुळें ग्लायकोल तेलांत कधीं मिसळूं नये. डॉट ५.१ हें नांवानें जवळचें असलें तरी ग्लायकोल जातीचें आहे.

सूचना ही कीं, डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिनाचें तेल व बेअरिंगचें साधें ग्रीस यांचा कॅलिपरच्या आंतील कोणत्याही भागास स्पर्श होऊं देऊं नये. शेतकऱ्याच्या घरीं यांपैकीं कांहीं ना कांहीं नेहमीं हाताशीं असतें, आणि ‘अडकलें कीं तेल सोडा’ हा इतर अवजारांचा नियम येथेंही लावला जातो. परंतु ब्रेकचीं सीलें ज्या रबराचीं असतात तें ग्लायकोल तेलांत वर्षानुवर्षें टिकतें, व खनिज तेल लागतांच फुगतें. अशा रीतीनें आज मोकळा झालेला पिस्टन कांहीं दिवसांत पूर्वीपेक्षां अधिक घट्ट बसतो. आरंभींच्या काळांत ब्रेकसाठीं एरंडेल व अल्कोहोल यांचें मिश्रण वापरीत, हें खरें आहे. पण त्या काळचें रबर निराळें व आजचें निराळें. यास्तव घरचें एरंडेलही येथें उपयोगी नाहीं.

कृति

गाडी कठीण व सपाट जमिनीवर मेन स्टँडवर लावून पुढच्या चाकास दगडाची ओट लावावी. ब्रेक-ऑइल रंगास खातें; म्हणून आसपासचा भाग ओल्या फडक्यानें झांकावा व सांडलेलें तेल तत्काळ पाण्यानें धुवावें. सुटे करावयाच्या भागांचें मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावें, म्हणजे पत्रे व स्प्रिंगा कोणत्या बाजूनें बसतात याचा घोटाळा होत नाहीं. पॅडची धूळ फुंकूं नये किंवा हवेच्या पंपानें उडवूं नये. ती छातींत जाणें अपायकारक आहे. साबणाच्या पाण्यानें भिजवूनच ती काढावी.

पॅडची पिन कॅलिपर जागेवर असतांनाच सैल करावी. नंतर तो हातांत धरून ती सैल करणें जड जातें. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो चकतीवरून सरकवावा. कांहीं गाड्यांत यासाठीं मागचा आंस सैल करावा लागतो. तें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावें. कॅलिपर नळीवर लोंबत ठेवूं नये, सुतळीनें बांधावा. ए. बी. एस. असलेल्या गाडींत चाकाजवळ एक लहान सेन्सर व दांतेरी कडें असतें. त्यास धक्का लागूं देऊं नये. पॅड काढून त्यांची जाडी पाहावी. झिजेची खोबण दिसेनाशी झाली असेल, किंवा घांसण्याचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल, तर दोन्ही पॅड एकदमच बदलावे. तेल लागलेला पॅडही टाकून द्यावा.

पिना. कॅलिपर त्याच्या पकडीपासून ओढून वेगळा करावा. पिनांवरील जुनें वाळलेलें ग्रीस पुसून काढावें. हलका गंज बारीक पॉलिश कागदानें जाईल. खड्डे पडले असल्यास पिन नवी घ्यावी. दोन पिनांपैकीं एकीस पुष्कळदां रबरी वेष्टन असतें. त्यांची अदलाबदल करूं नये. पिनांची घरें अल्कोहोलांत भिजविलेल्या चिंधीनें पुसून, वाळवून, सिलिकोन ग्रीसचा पातळ थर द्यावा. ग्रीस ठासून भरल्यास आंत हवा कोंडते व पिन पुरती आंत जात नाहीं. फाटलेलें रबरी टोपण तसेंच ठेवल्यास सर्व श्रम एका पावसांत वायां जातात, तें बदलावें.

पिस्टन. येथें सर्वांत मोठी चूक होते ती ही कीं, नवे पॅड बसण्यास जागा व्हावी म्हणून मळलेला पिस्टन तसाच आंत रेटला जातो. त्याच्या अंगावरील रेती व क्षार त्यामुळें सीलखालीं जाऊन बसतात, आणि नव्या पॅडसह जुना दोष पक्का होतो. आधीं पिस्टन बाहेर आणावा, स्वच्छ करावा, मगच आंत ढकलावा, हा नियम आहे. कॅलिपरांत पिस्टनासमोर लांकडी पट्टी अशी धरावी कीं तो आठ-दहा मिलिमीटरहून अधिक पुढें येऊं नये. मग पेडल हलकेंच दाबून गाडीच्याच दाबानें तो बाहेर आणावा. पिस्टन काढण्यास कंप्रेसरची हवा वापरूं नये. तो गोळीसारखा सुटून बोटें चिरडतो.

बाहेर आलेला भाग ब्रश व साबणाच्या पाण्यानें सर्व बाजूंनीं धुवावा. मागील बाजू दिसत नसेल तर चिंधीची पट्टी पिस्टनाभोंवतीं घालून, ताक घुसळतांना दोरी ओढतात तशी, मागेंपुढें ओढावी. पिस्टनाच्या चकाकत्या मुलाम्यावर पॉलिश कागद घांसूं नये. मुलामा गेला कीं गंज धरतो. स्वच्छ झाल्यावर नवें ब्रेक-ऑइल बोटानें लावून, टाकीचें झांकण सैल करून, पिस्टन दोन्ही अंगठ्यांनीं सरळ आंत ढकलावा. या वेळीं टाकींतील तेल वर येतें. तें सांडण्यापूर्वीं काढून घ्यावें. असें तीन-चार वेळां बाहेर-आंत करावें. शेवटीं पिस्टन अंगठ्याच्या सारख्या दाबानें आंत जाऊं लागला तर सील चांगलें आहे, व एवढ्यानेंच काम झालें असें समजावें. बहुतेक वेळां एवढेंच पुरतें.

इतकें करूनही पिस्टन अडत असेल तर दोष खोबणींत आहे. तेव्हां खालीं थाळी धरून पेडलानेंच पिस्टन पुरता बाहेर काढावा, नळी सोडवून तिचें तोंड बांधावें, व कॅलिपर स्वच्छ टेबलावर घ्यावा. सीलें लांकडी काडीनें उचकटावीं. लोखंडी पेचकस वापरल्यास घराला ओरखडा पडून तेल गळतें. आंतलें सील दाबासाठीं व बाहेरचें धूळ अडविण्यासाठीं असतें. दोन्ही खोबणींतील पांढरा वा तपकिरी क्षार लांकडी काडीनें व ब्रशनें संपूर्ण काढावा. या एका कामांत कंटाळा करूं नये. खोबणींत राहिलेला कणही सीलला मागून रेटतो. सर्व भाग अल्कोहोलनें धुवून वाळवावे. काढलेलीं सीलें पुन्हां वापरूं नयेत. गाडीच्या नमुन्याप्रमाणें नवीं आणून, ब्रेक-ऑइलांत बुडवून बसवावीं. पिस्टनावर सीलच्या मार्गांत खड्डे असल्यास तोही नवा घ्यावा. पिस्टन तेल लावून सरळ, किंचित् फिरवीत, हातानेंच आंत सोडावा. तिरपा अडकल्यास हातोडा न मारतां परत काढून पुन्हां बसवावा. नळी जोडतांना तिच्या बोल्टाच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या चकत्या नव्या घालाव्या.

मास्टर सिलिंडर. दोष तेथें ठरला असेल तर प्रथम पेडलाची मोकळीक पुस्तिकेप्रमाणें नीट करावी. नंतर टाकीच्या तळाशीं असलेलें बारीक छिद्र गाळानें बुजलें आहे काय तें पाहावें. तें उघडण्यास सुई किंवा तार घालूं नये; नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरे. तेवढ्यानें काम न झाल्यास मास्टर सिलिंडरचा आंतील संच बदलावा लागतो, व तें काम जाणत्याकडे द्यावें हें बरें.

जोडणी व हवा काढणें

पॅड, पत्रे व स्प्रिंगा छायाचित्राप्रमाणें बसवून कॅलिपर चकतीवर चढवावा. बोल्ट किती जोरानें आवळावे हें पुस्तिकेंत दिलेलें असतें. तो जोर मोजणारा पाना मिळाल्यास उत्तम. गाडी हलविण्यापूर्वीं पेडल अनेक वेळां दाबून तें कठीण लागेपर्यंत थांबावें. पिस्टन मागें ढकललेला असल्यामुळें पहिल्या कांहीं दाबांत ब्रेक मुळींच लागत नाहीं. हें विसरून रस्त्यावर निघालेल्या माणसास मागचा ब्रेक नसतो.

निपल किंवा नळी उघडली असेल तर हवा काढली पाहिजे. यास दोन माणसें लागतात. टाकी नव्या तेलानें भरावी. निपलास नळी लावून तिचें टोंक थोडें तेल असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल सावकाश दाबून धरावें. दुसऱ्यानें निपल अर्धा आटा उघडावें, तेल व बुडबुडे येऊं द्यावे व निपल बंद करावें. त्यानंतरच पहिल्यानें पाय काढावा. पाय आधीं उचलला तर हवा उलट आंत ओढली जाते. बुडबुडे यावयाचे थांबेपर्यंत हीच क्रिया करावी व टाकी मध्यंतरीं रिकामी होऊं देऊं नये. निपल लहान व पोकळ असतें. तें अति आवळल्यास तुटतें. मागील ब्रेकही ए. बी. एस. मध्यें असेल अशा गाडींत टाकी रिकामी होऊन हवा यंत्रांत शिरली तर ती काढण्यास कांहीं नमुन्यांत निराळें उपकरण लागतें. म्हणून तेथें विशेष जपावें. बाटलींत आलेलें तेल टाकींत परत घालूं नये.

शेवटची परीक्षा अशी. चाक फिरवून पेडल दाबावें, चाक तत्काळ थांबलें पाहिजे. पाय काढावा, चाक तत्काळ सुटलें पाहिजे. असें दहा वेळां करावें. मग मोकळ्या जागीं सावकाश गाडी चालवून ब्रेक पाहावा, दोन किलोमीटरनंतर चकतीची झळ पुन्हां तपासावी, व दुसऱ्या दिवशीं बोल्ट आणि तेलाची पातळी एकदां पाहावी.

घरीं केव्हां करूं नये

चकती वांकडी झाली असेल, कॅलिपरच्या घरांत ओरखडे वा खड्डे असतील, बोल्टाचे आटे गेले असतील, किंवा ए. बी. एस. चा दिवा जळत राहत असेल, तर घरीं खटपट न करतां गाडी चांगल्या कारखान्यांत न्यावी. वाटेंत ब्रेक जखडल्यास गाडी बाजूस घेऊन ती आपोआप निवूं द्यावी. तापल्या चकतीवर पाणी ओतूं नये, ती वांकते. चाक सुटल्यावर मागच्या ब्रेकवर विसंबून न राहतां, ओझें उतरवून, सावकाश घर गांठावें. निपल उघडून दाब सोडला असेल तर तें लागलेंच बंद करावें, व हवा काढीपर्यंत मागचा ब्रेक नाहींच असें समजून वागावें.

वर्षांतून एकदां

वरील सर्व खटाटोप टाळण्याचा मार्ग सोपा आहे. चिखलांतून आल्यावर कॅलिपरवर साध्या बादलीचें पाणी ओतून तो वाळण्यापूर्वींच चिखल काढावा. पंपाची धार त्याच्या रबरी भागांवर जवळून मारूं नये. आणि पावसाळा संपतांच एकदां पॅड काढून पिस्टन धुवावा व पिनांस नवें ग्रीस द्यावें. खंडेनवमीस अवजारें घांसून-पुसून पूजेला मांडण्याची व दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ घालण्याची चाल आपल्याकडे आहेच. माळ घालण्यापूर्वीं तासभर या कामास दिला, तर पुढील पावसाळ्यापर्यंत मागचें चाक हवें तेव्हां थांबेल व नको तेव्हां अडणार नाहीं.